वंदनाताईंची एक एप्रिलची सुट्टी

आधी नाव लिहिते, मग बाकीचं. वंदनाताई गायकवाड. काळेवाडीत ज्यांच्या जिन्याखालच्या खोलीत मी चार वर्षं भाड्यानं राहिले, त्या. बँकेत कॅशियर होत्या. ज्या उजव्या हातानं मी हे लिहितेय तो हात त्यांच्यामुळं कामाचा राहिला. पुढं जे सांगायचंय त्यात माझी एक चूक आहे, आणि चूक सांगायला लागले की मी भरकटते, स्वतःचीच बाजू मांडत बसते. म्हणून नाव आधी लिहून मोकळी झाले.

त्या घरात तीन माणसं. वंदनाताई, त्यांचा शाळकरी मुलगा सोहम आणि सासरे, ज्यांना सगळी गल्ली दादा म्हणायची. ताईंचे मिस्टर मी यायच्या आधीच गेले होते. भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींच्या खाली त्यांचा फोटो होता, आणि रोज सकाळी दादा त्या तिन्ही काचा एकाच फडक्यानं पुसायचे. दादा पिंपरीच्या एका जुन्या कंपनीतून रिटायर झालेले, पण त्यांचं अंग अजून पाळीवरच होतं. पहाटे साडेपाचला रस्त्यावर पहिल्या कंपनी-बसचा हॉर्न वाजला की ते अंथरुणातूनच ओरडायचे, "गोदा, चाकणची गाडी आली गं, ऊठ!" माझी बस सहाला असायची, मी पाचलाच उठलेली असायची, तरी मी रोज "हो दादा" म्हणायचे. हिंगोलीकडच्या आमच्या घरी मला उठवायला कुणी नव्हतं असं नाही. पण तिकडं उठवायचे ते कामाला, इथं उठवायचे ते काळजीनं. नववीत शाळा सुटली, मावसबहिणीच्या मागं मागं इकडं आले, ती लग्न होऊन गेली आणि मी राहिले. एवढंच पुरे.

त्या घराचा वास अजून नाकात आहे. सुकटीची चटणी, रॉकेलचा जुना स्टोव्ह आणि ताईंच्या पर्समधल्या शाईचा. बाजूला लेथ-वर्कशॉप होतं, तिथली प्रेस दिवसभर धाड धाड चालायची. ती बंद पडली की सोहम अभ्यासातून मान वर करायचा, इतकी तिची सवय. ताई बँकेतून यायच्या, साडी न बदलताच पोळ्या लाटायच्या आणि लाटून झाल्यावर चळत बोटांनी फर्रकन उलगडून सांगायच्या, "एकोणीस. दादांना तीन, सोहमला चार, गोदे, तू कितीही खा." बोटाला पाणी लावल्याशिवाय त्यांना वर्तमानपत्राचं पानसुद्धा उलटता यायचं नाही.

स्वयंपाकघराच्या दाराला कॅलेंडर होतं आणि कॅलेंडरच्या मागं एक यादी टाचणीनं लावलेली. ती वर्षभर वाढत जायची. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा ताई हसल्या. "ही माझ्या सुट्टीची यादी. बाकीच्या सुट्ट्या काय कामाच्या? दिवाळीला मी मोकळी, तर सगळं जग बंद. सव्वीस जानेवारीला मी मोकळी, तर रेशन ऑफिसही बंद. वर्षात एकच दिवस असा, की मी घरी आणि बाकी सगळे कामावर. एक एप्रिल." बँकांचं वर्ष एकतीस मार्चला संपतं, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याकडं फक्त बँका बंद असतात. शाळा चालू, दवाखाने चालू, कंपन्या तर चालूच. म्हणून वर्षभर जे जे राहायचं ते ताई त्या एका दिवसावर ढकलायच्या. गॅसचा पत्ता बदलणे. सोहमचा दाखला. दादांचा कमरेचा पट्टा. यादी वाचून झाली की त्या दर वेळी एकच वाक्य म्हणायच्या, "खरं तर या सुट्टीला एकदा नुसतं झोपायचंय गं मला."

मी चाकणकडच्या निघोज्याजवळ एका कंपनीत कंत्राटावर होते. गाडीच्या आत वायरींची जी जाडजूड वेणी असते, ती आम्ही बायका बनवायचो. एकेका वायरीचं टोक प्लास्टिकच्या भोकात अंगठ्यानं दाबायचं, ते आत बसलं की 'टक' होतं. पण शेडमध्ये एवढा आवाज की टक ऐकू येत नाही. ते बोटांना कळावं लागतं. नवीन मुलींना हेच शिकवायचे, कानानं नाही, बोटानं ऐक. मला ते फार लवकर जमलं होतं. आयुष्यात मला पटकन जमलेली ती पहिली गोष्ट.

त्या हिवाळ्यात उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. झोपेतून उठून मी हात झटकायचे. मग मुंग्या गेल्या, आणि मला बरं वाटलं. हा माझा अडाणीपणा. मुंग्या गेल्या त्या बोटांतलं सगळंच घेऊन गेल्या. टक कळेनासं झालं. मी अंदाजानं दाबायचे, परत दाबायचे, डाव्या हातानं ओढून बघायचे, आणि तरी माझ्या टेबलावरचा माल परत यायला लागला. लाइन लीडर शेळकेभाऊ निघोज्यातलेच, जुन्या घरातले. ते लांबूनच म्हणायचे, "गोदाबाई, ध्यान कुठं हाय? गावाकडं गेलंय व्हय?" बायका हसायच्या, मीही हसायचे. हात अधू झाला असं कळलं की कंत्राटातल्या बाईला दुसऱ्या दिवशी बसमध्ये जागा नसते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आणि बसमध्ये जागा नाही म्हणजे खोली नाही, आणि खोली नाही म्हणजे हिंगोली. तिकडं माझं लग्न ठरवून ठेवलेलं होतं, मला न विचारता.

आता लोक विचारतात, तेव्हा किती घाबरली असशील. घाबरट मी जन्माचीच, अजूनही बस चुकेल म्हणून अर्धा तास आधी जाऊन उभी राहते. पण त्या दिवसांतली भीती आठवायला गेलं तर हाताला काही लागत नाही. जसं बोटांचं झालं तसंच आत झालं होतं. डबा खायचे, चव कळायची नाही. घरून फोन यायचा, "पाहुणे येऊन गेले" म्हणायचे, मी "बरं" म्हणायचे. बसच्या खिडकीतून स्पाइन रोड, मोशी, मग चिमण्यांसारखे एका रांगेत उभे असलेले कामगार, हे सगळं जायचं, आणि मी बघायचे.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी ताईंनी चहा ओतला. पेला स्टीलचा, चहा उकळता. त्यांनी पदरानं धरून पुढं केला, मी तसाच उघड्या हातानं घेतला आणि धरून बसले. ताई बघत राहिल्या.

"भाजत नाही तुला?"

"नाही तर."

"ठेव तो खाली." त्या उठल्या, कपाटातून जुन्या पावत्यांचा गठ्ठा आणला. बँकेत छपाई चुकलेल्या स्लिपा त्या सोहमला कच्च्या कामाला आणायच्या. "डोळे मीट. हे मोज. बोटानं."

मी डोळे मिटले. हातात कागद आहे हे मला माहीत होतं म्हणून माहीत होतं. नाही तर हातात काही आहे असं वाटत नव्हतं. मी म्हणाले, "दहा असतील."

"सव्वीस आहेत," ताई म्हणाल्या. त्यांनी माझा हात उलटा केला, अंगठ्याखालचा मऊ भाग दाबून बघितला. तो बसलेला होता, खळगा पडल्यासारखा. "आमच्या ब्रँचला मोजायचं मशीन नव्हतं तेव्हा कुलकर्णी बाईंचं असंच झालं होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शेवटी साडीची पिन लावता यायची नाही त्यांना. किती दिवस झाले?"

मी संक्रांतीपासून म्हणाले. खरं तर दिवाळीपासून.

"गाढव आहेस," त्या म्हणाल्या. कोपऱ्यातून दादा म्हणाले, "मोठ्या दवाखान्यात दाखवा. तिथं नसांचे डॉक्टर बसतात, सकाळी." सकाळी मी चाकणला, ताई बँकेत, आणि रविवारी तिथं फक्त अपघाताचे पेशंट बघतात. ताईंनी कॅलेंडरकडं बघितलं. "एक तारखेला मी घरी आहे. तू खाडा कर एक दिवस. मी येते बरोबर."

खाडा म्हणजे बिनपगारी दिवस, आणि त्यालाही शेळकेभाऊंची परवानगी लागायची. एकतीस तारखेला पाळी सुटताना मी शेळकेभाऊंसमोर उभी राहिले. दवाखाना म्हणायची सोय नव्हती. रात्रभर विचार करून जे सगळ्यात खरं वाटेल असं खोटं ठरवलं होतं, तेच बोलले. "भाऊ, उद्या सुट्टी पाहिजे. बँकेत खातं उघडायचंय. घरमालकीण बँकेतच आहे, ती बरोबर येणारेय." शेळकेभाऊ वहीत काहीतरी लिहीत होते. "बँकेत नं? जा मग. पर एकच दिवस हां." मी इतकी खूश झाले की घरी येताना बसमध्ये झोप लागली.

ताई मार्चअखेरचं काम उरकून पहाटे तीनला घरी आल्या होत्या. साडेसातला त्या दारात तयार उभ्या होत्या, केस ओले, डोळे लाल, बोटांना शाई तशीच. डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजी. रिक्षात त्या दोनदा डुलकी घेऊन जाग्या झाल्या. केसपेपरच्या रांगेत त्यांनी माझं नाव, पत्ता, वय सांगितलं. कारकुनानं "नातं?" विचारलं तेव्हा एक क्षणही न थांबता त्या म्हणाल्या, "बहीण." मग आम्ही हाडांच्या आणि नसांच्या विभागाबाहेरच्या लाकडी बाकावर बसलो. माझा नंबर एकेचाळीस. आत तेवीस चालू होता. ताईंनी पर्स मांडीवर ठेवली, भिंतीला डोकं टेकलं आणि तोंड थोडं उघडं पडून गाढ झोपल्या.

आता माझी चूक. एकेचाळीस पुकारला तेव्हा मी जागी होते. शिपायानं दोनदा पुकारला. मी ताईंकडं बघितलं. एकटीनं आत जायची माझी हिंमत नव्हती, आणि ज्या बाईनं पहाटे तीनपर्यंत काम केलंय तिला उठवायचं तर कुठल्या तोंडानं. या सुट्टीला एकदा नुसतं झोपायचंय, हे मी तीन वर्षं ऐकत होते. मला वाटलं, एवढं तरी देऊ त्यांना. मी गप्प बसले. बेचाळीस गेला, त्रेचाळीस गेला. मला त्यात काही वाईट वाटलं नाही, उलट मी काहीतरी चांगलं करतेय असं वाटत होतं. पुढं पन्नास पुकारला तेव्हा ताई दचकून उठल्या.

"किती झाला?"

"पन्नास."

"आणि आपला?"

"गेला. तुम्ही झोपला होता म्हणून—"

"अगं ए बाई!" एवढ्या मोठ्यानं की पुढची रांग वळली. "माझी झोप मोठी का तुझा हात मोठा? मी इथं झोपायला आले होते का?" त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, ओठ दाबले, आणि मला दंडाला धरून शिपायासमोर नेलं. शिपाई म्हणाला, "मॅडम, आता शेवटी. सगळे झाले की." ताईंनी त्याला दादा, भाऊ, साहेब सगळं म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "पुकारल्यावर झोपायचं आणि मग भांडायचं, असं नसतं ना ताई." आम्ही परत बसलो. ताईंनी अजून एकदा घड्याळ बघितलं. मग पर्समधून एक घडी केलेला कागद काढला, बघितला, परत ठेवला. मला वाटलं, माझाच केसपेपर.

शेवटी आत गेलो तेव्हा बारा वाजून गेले होते. डॉक्टर माझ्याच वयाची दिसणारी मुलगी होती. तिनं मला डोळे मिटायला सांगितलं. "टोचलं की सांग." मी वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "टोचा की." डोळे उघडले तर बोटावर लाल ठिपके होते, चार-पाच, आणि ताई खिडकीकडं तोंड करून उभ्या होत्या. मी त्या ठिपक्यांकडं बघितलं. दुसऱ्या कुणाचं बोट असावं तसं.

डॉक्टर म्हणाली, मनगटात नस दबलीये. दोन महिने हे काम पूर्ण बंद, पट्टा बांधायचा, छोटं ऑपरेशन करावं लागेल. "अजून सहा महिने असंच चालू ठेवलं असतं तर बोटं परत आली नसती." ताईंनी विचारलं, "आता येतील?" "बहुतेक येतील," ती म्हणाली. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर बसून आम्ही बटाट्याची भाजी खाल्ली. मी डाव्या हातानं. ताई म्हणाल्या, "रडलीस तरी चालेल." मला रडू येत नव्हतं. मी म्हणाले, "भाजी छान झालीये." ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी मी पट्टा ओढणीखाली लपवून बसमध्ये बसले. शेळकेभाऊ गेटवरच उभे.

"काय गोदाबाई, उघडलं का खातं?"

"हो भाऊ."

"व्हय? मी काल जेवणाच्या सुट्टीत चेक टाकायला गेलो. शटर बंद. वॉचमन म्हणला, आज बँकवाल्यांची सुट्टी. मला म्हणला, साहेब, तुमाला कुणीतरी एप्रिल फूल केलं." मागच्या बायका खळखळून हसल्या. शेळकेभाऊ हसले नाहीत. "दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेली हुती ना? सरळ सांग."

ज्या एका दिवशी बँकेत जाता येत नाही, तोच दिवस मी बँकेच्या नावानं मागितला होता, आणि तोही बँकवालीच्या घरात राहून. मी ओढणी बाजूला केली. पट्टा बघून शेळकेभाऊंचा चेहरा बदलला. मग म्हणाले, "आदी सांगायचं न्हाई? आता मला वर सांगावं लागंल. तुज्या टेबलावरनं गेलेल्या मालाचं काय झालं आसंल, बाई? त्या गाड्यांत माणसं बसत्यात." हा विचार मला तोवर शिवलाही नव्हता. आज मात्र कुठं गाडी रस्त्यात बंद पडलेली दिसली की पहिला तोच येतो. त्यांनी माझं कार्ड घेतलं, आणि जाताना म्हणाले, "हात नीट झाला की ये. मी हाय इथं." पुढं सात महिन्यांनी मी गेले, आणि त्यांनी मला तपासणीच्या टेबलावर बसवलं. पण तो त्या दिवशीचा भाग नाही. त्या दिवशी मी परतीची सहा आसनी रिक्षा पकडून काळेवाडीला आले आणि खोलीत बसून राहिले. काम गेलं होतं. काही वाटत नव्हतं. संध्याकाळी ताईंनी दार वाजवून एवढंच विचारलं, "जेवायला वर येतेस की खाली आणू?" खोलीच्या भाड्याचं नावसुद्धा काढलं नाही, त्या दिवशी नाही, पुढच्या सात महिन्यांत नाही. हिंगोलीला फोन त्यांनीच केला. "तिच्या हाताचं ऑपरेशन आहे, ती कुठंही येणार नाही," म्हणाल्या, आणि ठेवून दिला.

ऑपरेशन झाल्यावर एका दुपारी मी ताईंच्या स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. सोलता सोलता एकदम बोटाच्या टोकाला लसणाचं साल लागलं. म्हणजे कळलं, की साल आहे. पातळ, कोरडं, चरचरीत. मी ते किती वेळ चोळत बसले असेन. हात पुसायला फडकं शोधताना कॅलेंडर हललं आणि मागची जुनी यादी खाली पडली. सरत्या वर्षाची. त्यात बाकी सगळ्यांवर त्या दुपारीच काट मारलेली होती, आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित केलेलं, एकच काम तसंच होतं. 'डोळे दाखवणे, मोठा दवाखाना, बाराच्या आत.' आणि तिच्याखाली टाचलेल्या नव्या वर्षाच्या यादीत पहिलीच ओळ, 'डोळे (राहिले).'

मग मला ते घड्याळाकडं बघणं आठवलं. पर्समधला कागद आठवला. एकाच इमारतीत, खालच्या मजल्यावर, डोळ्यांच्या खिडकीवर बाराला नोंदणी बंद होत होती, माझा नंबर परत हुकेल म्हणून ताई मला सोडून तिकडं गेल्या नाहीत, आणि मी एकेचाळीस नंबर ऐकून गप्प बसले होते, त्यांच्यावर उपकार करायचे म्हणून.

मी ताईंना तेव्हाच म्हणाले, रजा काढा, उद्या जाऊ. त्या म्हणाल्या, "चष्म्याचा नंबर वाढला असेल, त्याला काय रजा टाकायची? एक एप्रिल आहेच की." त्या पुढच्या एक एप्रिललाच गेल्या. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डोळ्यात थेंब आले, मग तपासण्या आल्या. जेवढं दिसायचं गेलं होतं तेवढं परत आलं नाही. एका वर्षानं काय फरक पडला असता, हे मी नंतर एका डॉक्टरला एकटीनं जाऊन विचारलं. तो म्हणाला, "सांगता येत नाही." ताईंनी हा विषय कधी काढला नाही. मी एकदा काढला तेव्हा म्हणाल्या, "तुला लसूण सोलता येतो ना? मग झालं."

आता त्या रिटायर झाल्यात. सोहमच्या घरी राहतात, रहाटणीला. उजव्या बाजूनं माणूस आलं तर त्यांना दिसत नाही, म्हणून मी गेले की नेहमी डावीकडं बसते. त्यांना आता कुठल्याच सुट्टीची वाट बघायची नाही, तरी मार्च लागला की यादी करायला सांगतात. त्या बोलतात, मी लिहिते, मोठ्या अक्षरात. सुनेचं पॅनकार्ड. नातवाचा दाखला. स्वतःचं एकही काम नसतं. परवा मीच विचारलं, "आणि तुमचं?" त्या हसून म्हणाल्या, "मला काय, मला नुसतं झोपायचंय."

ताई, बाकी सगळं फिटणार नाही, ते मला माहीत आहे. पण तुमची ती एक सुट्टी माझ्याकडं राहिलीये, ती मी देईन. डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात, जिथं लांबून लोक येतात, तिथं एक दिवस मी तुम्हाला घेऊन जाईन. केसपेपर मी काढीन, नातं विचारतील ते मी सांगीन. तुम्ही फक्त बाकावर भिंतीला डोकं टेकून झोपा. नंबर माझ्या हातात असेल. पुकारला की मी तुम्हाला उठवीन.